कोजागिरी ते वसुबारस: सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर पहिल्यांदा गाडी काढणाऱ्यांसाठी

सोलापुरात नवीन बदली होऊन आलेला माणूस महिन्याभरात एकदा तरी विचारतोच, इथं आसपास फिरायला काय आहे हो? आणि आपले लोक पण असे की लगेच सांगतात, काय नाही ओ, ऊन आहे. मग तो बिचारा सुट्टी मिळाली की हायवे पकडून पुणे नाहीतर महाबळेश्वर गाठतो, निम्मा वेळ गाडीत जातो आणि सोमवारी कंबर धरून ऑफिसला येतो.

हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि आपल्या इथल्याच त्या पोरांसाठी ज्यांनी गाडी घेतली पण पुणे रोड सोडून दुसरीकडं स्टिअरिंग वळवलंच नाही. एक आधीच सांगून टाकतो, इन्स्टाग्रामवर लाल-पिवळ्या पानांची झाडं दिसतात ना, तसला ऑटम इथं मिळणार नाही. आपल्याकडचा शरद खाली जमिनीवर बघायचा असतो: ओली काळी रानं, त्यात बोटभर उगवलेली ज्वारी, तुरीला आलेली पिवळी फुलं, मधेच कारळाचा एखादा पट्टा, कडेनं तरवड, आणि तलावांमध्ये चक्क पाणी. मार्चमध्ये हाच रस्ता तुम्हाला ओळखू येणार नाही. म्हणून या सगळ्यात गाडी कुठली, रस्ता कुठला यापेक्षा तारीख महत्त्वाची आहे आणि सुरुवात तिथूनच करायची.

आधी कॅलेंडर काढा (इंग्रजी नाही, आपलं भिंतीवरचं)

माझं सरळ मत आहे, कोजागिरी झाल्यावर निघा आणि वसुबारसेच्या आत घरी या. मधले दहा-बारा दिवस मिळतात, तेच सोन्याचे. कारण सांगतो.

सप्टेंबरमध्ये हिरवळ जास्त असते हे खरं, पण परतीचा पाऊस डोक्यावर असतो. सकाळी कडक ऊन, दुपारी तीनला उत्तरेकडं काळं काळं दिसायला लागतं आणि चारला रस्त्यावरचं काही दिसत नाही. हस्ताचा पाऊस शेतकऱ्याला पाहिजेच असतो, रब्बीची पेरणी त्यावर असते, पण गाडीवाल्याला तो भारी पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये असाच पाऊस झाला होता, जिल्हाभर ओढ्यांना पूर आले आणि कित्येक रस्ते बंद पडले. त्यामुळं सप्टेंबरमध्ये जायचंच असेल तर अर्ध्या दिवसाच्या पुढं जाऊ नका.

नवरात्रात तुळजापूरच्या बाजूला गाडी नेऊच नका, असं मी म्हणेन. ज्योत घेऊन अनवाणी पळणारी मंडळं, पायी निघालेल्या बायका, कर्नाटक-आंध्रातून आलेल्या गाड्या, सगळा रस्ता त्यांचा असतो आणि असायलाच पाहिजे. कोजागिरीला तर सोलापूरहून लाखभर माणसं तुळजापूरला चालत जातात, त्या वेळी रस्ता गाड्यांना बंद करून वाहतूक दुसरीकडून वळवतात. चालत जायचं असेल तर तो अनुभव वेगळाच आहे, जरूर जावा, पण तो या लेखाचा विषय नाही.

दुसऱ्या टोकाला दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीत अक्कलकोट-तुळजापूरला गर्दी उसळते, आणि साधारण त्याच सुमाराला साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. एकदा गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर येतात, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ड्रायव्हरनं लावलेल्या गाण्यात तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. अंधारात मागून जाऊन धडकायचे अपघात दरवर्षी होतात. त्यानंतर कार्तिकी एकादशी, म्हणजे पंढरपूरच्या बाजूचे रस्ते दिंड्यांनी भरलेले. मग डिसेंबरपर्यंत हिरवं सगळं करड्या रंगाचं झालेलं असतं. हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीची ट्रिप वेगळी काढा, ऑक्टोबरमध्ये कुणी हुरडा पार्टीची पाटी लावली असेल तर ज्वारी कुठली आणली ते त्याला विचारा.

वार कुठला? अक्कलकोट असेल तर गुरुवार टाळा, तुळजापूर असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. शनिवार-रविवार सोडून बुधवारची रजा टाकता आली तर सगळ्यात बेस्ट.

गाडीचं काय

एसयूव्ही लागत नाही. साधी हॅचबॅक पुरते, बाईक पण चालते, बाईकवर तर जास्त मजा येते. पण दोन-तीन गोष्टी इथल्या म्हणून सांगतो ज्या दुसरीकडं कुणी सांगत नाही.

आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते. पावसाळ्यानंतर लोक ती तोडतात आणि काटे रस्त्यावर पडून राहतात. समोरून एसटी आली की तुम्ही साईडपट्टीवर उतरता आणि तिथंच काटा बसतो. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चरच्या स्ट्रिपा आणि छोटा हवा भरायचा पंप जवळ ठेवा, स्टेपनीत हवा आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी बघा, निघताना नको, कारण सकाळी सहाला पंक्चरवाला उघडा नसतो. पंक्चरचं दुकान बहुतेक फाट्यावर असतं, आत गावात शोधत बसू नका.

दुसरं म्हणजे काळी माती, आणि हे मनावर घ्याच. फोटोसाठी म्हणून डांबर सोडून रानात गाडी घालायची नाही. वरून सुकलेली दिसते, खाली लोणी असतं. चाक एकदा रुतलं की जितकी रेस द्याल तितकं खाली जातं, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. बाईकवाल्यांना तर आणखी त्रास, ती माती मडगार्ड आणि टायरच्या मधे जाऊन बसते आणि चाक फिरायचंच थांबतं, मग बसा काडीनं कोरत. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस तर पाणंद रस्त्याकडं, म्हणजे शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटेकडं, बघायचं पण नाही, मॅप काहीही सांगू दे. मॅपला पाणंद आणि डांबरी यातला फरक कळत नाही, त्याला फक्त चार किलोमीटर वाचलेले दिसतात.

तिसरं, या दिवसांत सोयाबीनची काढणी-मळणी चालू असते आणि लोक रस्त्यावरच सोयाबीन, मका वाळत घालतात, कडेनं दगड लावलेले असतात. त्यावरून गाडी घालू नका, माणसाचं वर्षाचं पीक आहे ते, आणि भुसकटावर बाईक घसरते ती वेगळी. धनगरांची मेंढरं आडवी आली तर गाडी बंद करून निवांत थांबा. हॉर्न मारला तर मेंढरं दोन भागांत फुटतात आणि दुप्पट वेळ लागतो.

बाकी नेहमीचं: टाकी सोलापुरातच फुल करा, डोंगराच्या बाजूला रेंज जाते म्हणून मॅप डाऊनलोड करून ठेवा, यूपीआय जवळपास सगळीकडं चालतं पण पार्किंग आणि चप्पल स्टँडसाठी सुट्टे पैसे असू द्या. पाणी भरपूर घ्या. ऑक्टोबर हिट हा काय नुसता बोलायचा शब्द नाही, सोलापुरात दुपारी त्याची चव बघायला मिळते. टोपी घ्या.

एकदम लांब जाऊ नका, आधी अर्ध्या दिवसाची तालीम

पहिल्यांदा कुडल संगमला जाऊन या. हत्तरसंग कुडल असं पूर्ण नाव आहे, सोलापूरपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, दक्षिण सोलापूर तालुक्यात. विजापूर रोडनं निघायचं, वडकबाळजवळ सीना नदीचा पूल लागतो, तिथं पाणी किती आहे ते बघून घ्या, म्हणजे पुढं काय मिळणार याचा अंदाज येतो. मग मंद्रूपच्या बाजूनं पुढं जाऊन हायवे सोडून आत वळायचं. इथंच तुमची तालीम सुरू होते: एका गाडीचा रस्ता, न रंगवलेले स्पीड ब्रेकर, शाळेसमोर दोन, मारुतीसमोर एक, आणि ज्याच्या घरासमोर भांडण झालंय त्याच्यासमोर एक.

रस्ता विचारायची पण एक पद्धत असते. टपरीवर बसलेल्या माणसाला आधी राम राम घाला, मग विचारा. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या पट्ट्यात म्हातारी माणसं पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलतील, घाबरू नका, लगेच मराठीवर येतात. आणि "इथंच आहे की" म्हणाले तर पाच किलोमीटर धरा.

कुडलला भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात. पावसाळ्यानंतर पात्र भरलेलं असतं, पाण्याचे दोन रंग पण कधी कधी दिसतात. इथल्या संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, तारीख असलेल्या सगळ्यात जुन्या मराठी लेखांमधला. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यातली शेवटची ओळ, 'वाछितो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल, हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं कोरून ठेवलीय आणि आपण ती वाचू शकतो, मला तरी तिथं उभं राहिल्यावर दरवेळी मजा वाटते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं ३५९ मुखांचं शिवलिंग पण बघा. टॉर्च घेऊन जा, आत अंधार असतो, आणि फोटो काढताना दगडावर चढू नका.

पाण्यात मात्र उतरू नका. संगमावर गाळ असतो, खोली कळत नाही आणि वरून उजनी धरणातून पाणी सोडलेलं असलं की धार वाढते. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो या दिवसांत, तेव्हा साडेपाचला तिथून निघा, म्हणजे अंधार पडायच्या आत हायवेला लागाल. हा नियम सगळ्या ट्रिपना लावा: सूर्य बुडताना चाकाखाली मोठा रस्ता पाहिजे.

मुख्य ट्रिप: अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर

हा त्रिकोण आहे. सोलापूर ते अक्कलकोट चाळीस, तिथून नळदुर्ग साधारण चाळीस, नळदुर्ग ते तुळजापूर पस्तीसच्या आसपास आणि तुळजापूर ते सोलापूर पंचेचाळीस. सगळं मिळून एकशे साठ किलोमीटर. हायवेवर हे तीन तासांचं काम आहे पण तुम्ही याला पूर्ण दिवस द्या, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा.

फिरायची दिशा अशीच ठेवा, उलटी नको. सकाळी पूर्वेकडं जाताना ऊन डोळ्यावर येतं हे खरं, पण अक्कलकोटचा रस्ता आता मोठा झालाय, कुंभारी, वळसंग करत तासाभराच्या आत पोचता आणि सकाळी लवकर वटवृक्ष मंदिरात दर्शन पटकन होतं. स्वामी समर्थांचं इथं कित्येक वर्षं वास्तव्य होतं, १८७८ मध्ये इथंच त्यांनी समाधी घेतली. अन्नछत्रात महाप्रसाद मोफत असतो पण तो दुपारचा, त्यासाठी थांबलात तर पुढची ट्रिप गडबडते. म्हणून नाश्ता बाहेर करा. इतिहासाची आवड असेल तर भोसल्यांच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह बघण्यासारखा आहे, उघडा आहे का ते तिथं गेल्यावर विचारा, नसेल तर वाट बघत बसू नका.

आता खरा रस्ता. अक्कलकोटहून नळदुर्गकडं निघालात की तुम्ही बोरी नदीच्या उलट्या दिशेनं वर जायला लागता. हीच बोरी खाली कुरनूर धरणात अडवलीय आणि हीच वर नळदुर्गच्या किल्ल्याला वेढा घालून येते, म्हणजे तुम्ही दिवसभर एकाच नदीच्या मागं असता, कधी ती दिसते, कधी नुसती हिरव्या झाडांची रांग दिसते. इथं स्पीड चाळीसच्या वर नेऊच नका. खिडक्या उघडा, एसी बंद करा. ओल्या मातीचा आणि कापलेल्या सोयाबीनचा मिळून एक वास येतो तो बंद काचेत येत नाही. रानं लांबपर्यंत सपाट, मधेच एखादं लिंबाचं झाड, त्याखाली बैल सोडलेले, पेरणी उशिरा झालेल्या रानात अजून पाभर चालू असते. तूर फुलावर असते. कुठंही थांबावंसं वाटलं तर फाट्यावर नाहीतर गावाच्या वेशीजवळ थांबा, वळणावर थांबू नका, एसटीवाले तिथं जोरात येतात.

नळदुर्गला अकरापर्यंत पोचलात तर बरं, दुपारी दगड तापतो. किल्ला धाराशिव जिल्ह्यात येतो, हैदराबाद हायवेला लागूनच. एवढा मोठा भुईकोट आणि एवढ्या कमी लोकांना माहीत, हे मला कधीच कळलं नाही. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीवर बंधारा बांधून त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल केला. म्हणजे वरून पाणी वाहतंय आणि तुम्ही आत खिडकीत उभे. बंधाऱ्यावर फारसी लेख आहे, त्याचा अर्थ साधारण असा की हे बांधकाम बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंना अंधारी येईल. बांधणाऱ्याला स्वतःच्या कामाबद्दल काही शंका नव्हती एवढं नक्की.

बंधारा भरला की पाणी दोन मोठ्या मोऱ्यांतून खाली पडतं, त्यालाच नर-मादी धबधबा म्हणतात. पण हे दरवर्षी होईलच असं नाही. बोरीला पाणी आलं आणि तलाव भरून वाहायला लागला तरच. म्हणून निघायच्या आधी नळदुर्ग-तुळजापूर बाजूच्या कुणाला तरी फोन करून विचारा, नर-मादी चालू आहे का. जुने व्हिडिओ बघून जाऊ नका, रील टाकणारे गेल्या वर्षीचं पाणी यावर्षी पण दाखवतात. पाणी नसेल तरी किल्ला बघाच. उपळी बुरुजावर चढलात की सगळा नकाशा पायाखाली दिसतो, नदीनं किल्ल्याला कसं वळसा घातलाय, समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला, आणि तुम्ही ज्या रस्त्यानं आलात तो. बुरुजाला कठडा पुरेसा नाही, लहान मुलांचा हात धरा. आग्या मोहोळ कुठं लागलंय का ते आधी वर बघा, अत्तर-बित्तर लावून जाऊ नका आणि मोहोळाखाली सिगारेट पेटवणारा मित्र असेल तर त्याला गाडीतच ठेवा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला घसरतात, बूट घाला.

नळदुर्गजवळच मैलारपूरचा खंडोबा आहे. या देवाची एक गंमत, मूर्ती वर्षातले काही महिने नळदुर्गला आणि बाकीचे महिने जवळच्या अणदूरला असते, दोन्ही गावांचा तसा करारच आहे. वेळ असेल तर डोकावून या.

जेवण. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात पनीर खायला एवढ्या लांब आला नाहीत. साधं घरगुती खानावळ टाईप काही दिसलं तर तिथं थांबा, ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर भरलं वांगं, शेंगा चटणी आणि वर दही. शेंगा चटणी म्हणजे शेंगदाण्याची, उखळात कुटून कुटून तेल सुटलेली, मिक्सरची कोरडी भुकटी दिली तर समजून घ्या. घरून निघताना कडक भाकरी आणि चटणीची पुडी सोबत ठेवली तर कुठं काही नाही मिळालं तरी अडत नाही, सोलापुरी माणसाची कडक भाकरी म्हणजे गाडीच्या स्टेपनीसारखी, लागली नाही तर उत्तम पण नसली की आठवण येते. जेवल्यावर दुपारचं ऊन टळेपर्यंत एखाद्या झाडाखाली पडून राहा, दोन ते साडेतीन गाडी चालवण्यात अर्थ नाही, डोळ्यावर झापड येते आणि प्रकाश पांढरा असतो, फोटो पण नीट येत नाहीत.

साडेतीनला तुळजापूरकडं. हा पट्टा बालाघाटच्या पठारावरचा. रस्ता खालीवर होतो, माळरानावर गवत वाळून सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि कडेला सीताफळं घेऊन बसलेल्या बायका-पोरं दिसायला लागतात. थांबा आणि घ्या. डोंगरातलं गावरान सीताफळ लहान असतं, बिया जास्त, पण गोडीला बाजारातलं मोठं फळ त्याच्या जवळपास येत नाही. डोळे उघडलेलं, हाताला किंचित मऊ लागणारं त्याच दिवशी खायला, कडक असेल ते धान्यात ठेवून दोन-तीन दिवसांनी. भाव करायचा तर थोडा करा, टोपलीभर फळांसाठी त्यांनी काट्यातून डोंगर फिरलेला असतो. आणि बिया गाडीच्या खिडकीतून टाकल्या तरी चालतील, कागद नको.

तुळजापुरात आईचं दर्शन घ्यायचं तर रांगेचा अंदाज घेऊन ठरवा, नाहीतर कळसाला हात जोडून पुढं निघा, देवी समजून घेते. दसऱ्यानंतर देवीची पलंगावर निद्रा असते ती पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीनंतर गेलात की देवी परत सिंहासनावर असते, ते पण या तारखांचं एक कारण धरा.

तुळजापूर सोलापूरपेक्षा चांगलंच उंचावर आहे, उतरताना घाट लागतो. छोटाच आहे पण ट्रक असतात, न्यूट्रल करून गाडी सोडू नका. पाच-सव्वापाचला घाटातून खाली बघितलं तर सोलापूरपर्यंतचा सपाट मुलूख तिरक्या उन्हात दिसतो. पुढं सोलापूरच्या अलीकडं एकरूख तलाव, ज्याला आपण हिप्परगा म्हणतो. इंग्रजांच्या काळात १८७१ मध्ये पूर्ण झालेला. भरलेला असेल तर दहा मिनिटं थांबा, पक्षी दिसतात. मग सरळ घर.

जमलं तर पुढचा टप्पा, दोन दिवसांचा

त्रिकोण जमला की बार्शीकडं. सकाळी सहाच्या आत नान्नज गाठा. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य इथलंच, १९७९ चं. आधी कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, नंतर ते बाराशेच्या आसपास आणलं. माळढोक दिसेल ही आशा ठेवू नका, तो आता दिसणं म्हणजे नशीबच. काळवीट मात्र बहुतेक दिसतातच, सकाळच्या थंड हवेत गवतात उभे असतात, रस्त्यावरूनसुद्धा. गाडीतून उतरून त्यांच्या मागं पळायचं नाही, दार आपटायचं नाही. दुर्बीण असेल तर आणा.

पुढं वैराग, मग बार्शी, सोलापूरपासून सत्तर किलोमीटरच्या आसपास. भगवंताचं, म्हणजे विष्णूचं, मंदिर बघा. रेल्वेवेडे असाल तर ही बार्शी लाईट रेल्वेची बार्शी. अडीच फुटी रुळाची छोटी गाडी १८९७ मध्ये इथून कुर्डुवाडीपर्यंत सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं केलेली. आता ब्रॉडगेज आहे, जुनं फारसं काही हाताला लागत नाही, तरी सांगितलं.

बार्शीहून येडशीकडं निघालात की परत बालाघाट सुरू होतो आणि येडशीजवळ रामलिंग लागतं. दरीत उतरून मंदिर, भोवती जंगल, पाऊस चांगला झाला असेल तर ऑक्टोबरमध्ये पण धबधब्याला धार असते. माकडं आहेत, आणि ती नुसती माकडं नाहीत तर अनुभवी माकडं आहेत, गाडीच्या काचा पूर्ण बंद करा, हातात पिशवी दिसू देऊ नका. श्रावणात इथं मरणाची गर्दी असते, या दिवसांत शांत.

मग तेर. मी तर म्हणेन या बाजूला एकच ठिकाण बघायचं असेल तर तेर बघा. आज तेरणाकाठचं साधं गाव दिसतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदीत त्याचं नाव आहे. इथल्या वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, रोमन संबंध दाखवणाऱ्या वस्तू बघायला मिळतात. त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल, मुळात ते बौद्ध चैत्य होतं असं जाणकार मानतात. आणि गोरोबाकाका इथलेच, संत गोरा कुंभार, नदीकाठी त्यांची समाधी आहे. संग्रहालय सरकारी आहे तेव्हा सुट्टीचा वार बघून जा. मुक्काम धाराशिवला करा, तेरला सोय शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवच्या लेण्या बघून तुळजापूरमार्गे खाली.

पश्चिमेची बाजू राहिली, माचणूर आणि मंगळवेढा. मोठा रस्ता झाल्यामुळं आता तो आतला रस्ता राहिला नाही, कामती-बेगमपूर करत भरकन पोचता. भीमेच्या काठावर माचणूरचा सिद्धेश्वर आणि किल्ला, शेजारी ब्रह्मपुरी, जिथं १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं गाव, तिथं दामाजीपंतांचं मंदिर. पण माझ्या दृष्टीनं तिथलं बघायचं ठिकाण म्हणजे गावाबाहेरची रानं. ज्वारीचं कोठार म्हणतात ते हेच. कितीतरी फूट खोल काळी माती, विहीर नाही, पाट नाही, हस्ताच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवरच मालदांडी ज्वारी येते. इथल्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. ऑक्टोबरच्या शेवटी जा, तेव्हा पीक वीतभर असतं आणि झाड नावाचा प्रकार नसल्यामुळं क्षितिजापर्यंत नुसत्या हिरव्या ओळी दिसतात. कार्तिकीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका.

घरी आल्यावर एक काम उरतं. गाडी वरून धुवून ठेवू नका, मडगार्डच्या आतून आणि खालून पाण्याचा फवारा मारा, काळी माती वाळली की सिमेंट होते. आणि टायरवरून हात फिरवा. बाभळीचा काटा आत बसून राहतो, हवा दोन दिवसांनी उतरते. दिसला तर घरी उपटू नका, गाडी तशीच पंक्चरवाल्याकडं न्या, तो पाणी लावून बघेल आणि मगच काढेल.